मुलाखत घेणारा नेमकं काय बघतो? (टेबलाच्या पलीकडून)

गेजमास्तर

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. डिप्लोमा आणि बीईची नवी पोरं घ्यायची वेळ आली की एचआरच्या जोडीला मला बसवतात. पुतण्या यंदा शेवटच्या वर्षाला आहे. त्याने परवा फोनवर विचारलं, "काका, तुम्ही लोक नक्की बघता तरी काय?" त्याच्याशी बोलताना बरंच बाहेर आलं, ते इथे लिहून ठेवतो. माझं सगळं जग शॉप फ्लोअरपुरतं आहे, तेव्हा इतर क्षेत्रांतल्यांनी भर घालावी.

समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो. याला लाइनवर उभं केलं तर मी निवांत झोपेन, की रात्री दोन वाजता फोन वाजेल? मार्क, इंग्रजी, इस्त्रीचा शर्ट यांचं मोल त्या हिशेबाला जेवढा हातभार लागेल तेवढंच. हे पोरांना कुणी सांगत नाही. ती येतात आणि हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर अशी माळ ओढतात. ती माळ आम्ही सकाळपासून ऐकत असतो, त्यामुळे ती कानापर्यंतही पोचत नाही.

मी थेट प्रोजेक्टवर येतो. 'मल्टिपर्पज ॲग्रिकल्चरल मशीन', 'सोलर ग्रास कटर', 'पेडलवर चालणारा पंप' ही नावं आता तोंडपाठ झाली आहेत. पुण्यात प्रोजेक्ट तयार मिळतो, रिपोर्ट बाइंडिंगसकट, हे आम्हालाही ठाऊक आहे. चौघांच्या ग्रुपमधलं तुझं काम कोणतं, एवढं विचारून मी गप्प बसतो. मग विचारतो, शाफ्टला बेअरिंग कोणतं घातलंस? ज्याने नाना पेठेत उभं राहून घासाघीस करून ते आणलंय तो पटकन सांगतो, ६२०४. बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास? २० मिमी. (शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं. ०४ पासून पुढे हे चालतं.) ज्याने फक्त रिपोर्टवर सही केली आहे तो छताकडे बघतो.

त्यापुढचा प्रश्न माझा लाडका: बिघडलं काय होतं? "काही नाही सर, सगळं व्यवस्थित चाललं" असं उत्तर आलं की माझ्यापुरती मुलाखत संपली. हाताने केलेली वस्तू पहिल्याच फटक्यात चालत नाही. एका मुलाने सांगितलं, पंपाची चेन सारखी उतरायची. आधी त्यांना चेन सैल वाटली, म्हणून ताणली, तर आणखी लवकर उतरायला लागली. मग याने दोन्ही स्प्रॉकेटना दोरी लावून बघितलं, तर ती एका रेषेत नव्हती. बेअरिंग ब्लॉकखाली शिम (फट भरायचा पातळ पत्रा) हवी होती, म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घातला. सांगताना त्याचे हात आपोआप पत्रा कापत होते. एटीकेटी लागलेला मुलगा होता. घेतला.

दुसरी परीक्षा व्हर्नियरची, म्हणजे वस्तू जबड्यात धरून बारीक माप घ्यायच्या साधनाची. एक बुश (नळीसारखा पोकळ गोल भाग) आणि एक व्हर्नियर पुढे ठेवतो आणि म्हणतो, ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, माप. बहुतेकजण उचलतात, चिमटतात, आकडा सांगतात. मागे तंत्रनिकेतनातली एक मुलगी आली होती. तिने आधी बुश रुमालाने पुसला, जबडे मिटून उजेडाकडे धरले आणि म्हणाली, "सर, हा मिटलेला असतानाच ०.०६ दाखवतोय. वजा करून सांगू, की दुसरा देता?" तो व्हर्नियर मी मुद्दामच तसा ठेवलेला असतो. दुसरा दिला, तर तिने बुश फिरवून तीन ठिकाणी माप घेतलं आणि दोन आकडे सांगितले, मोठा आणि छोटा. बुश गोल आहे की नाही, हे मी विचारलंच नव्हतं. रिपोर्टवर सही करणारी माणसं पुष्कळ मिळतात हो. हातात आलेल्या मापाच्या साधनावर आधी संशय घेणारी मिळत नाहीत.

"माहीत नाही" म्हटल्याने कुणी नापास होत नाही. "माहीत नाही, पण अमुक ठिकाणी बघेन" म्हटलं तर उलट बरं वाटतं. ठोकून दिलं की मात्र पुढच्या सगळ्या उत्तरांवरचा भरवसा उडतो. आमच्या कामात ठोकून दिलेला आकडा गाडीत बसून गिऱ्हाइकाकडे जातो.

आणि उशीर झाला तर नाशिक फाट्याचं ट्रॅफिक सांगू नका. ते रोजच असतं.


लातूरहून_आलोय

काका, मनापासून धन्यवाद. वाचनखूण साठवली. मी मेकॅनिकल डिप्लोमा, सध्या मोशीला मित्रांबरोबर रूमवर. दहावीपर्यंत मराठी माध्यम. उत्तर येत असतं, पण इंग्रजीत विचारलं की ततपप होतं. एकाने तर "मायसेल्फ" म्हटल्यावर हसून घेतलं. क्लास लावू का? आणि एफएमईए (काय बिघडू शकेल ते आधीच शोधायची पद्धत), एसपीसी (आकडेवारीने उत्पादनावर नजर ठेवायची पद्धत) यांचे ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट जोडलं तर फायदा होतो का?


गेजमास्तर

हसणाऱ्याचं सोडून दे. सरळ विचारायचं, "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" चाकण, भोसरी, रांजणगावात दहापैकी नऊ ठिकाणी हो म्हणतील. लाइनवर कामकाज मराठी-हिंदीतच चालतं. पण ड्रॉइंग इंग्रजीत असतं आणि गिऱ्हाइकाची तक्रारही इंग्रजी मेलवर येते. तेव्हा बोलता नाही आलं तरी वाचून समजलं पाहिजे आणि चार ओळींचं उत्तर लिहिता आलं पाहिजे. तेवढ्याची तयारी कर.

कोर्सचं म्हणशील तर, सर्टिफिकेट बघून मी प्रश्न वाढवतो, मार्क नाही. एफएमईए लिहिलंस की आरपीएन, म्हणजे जोखमीचा आकडा, कसा काढतात ते विचारणार. सिव्हिअरिटी (परिणाम किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा घडेल) आणि डिटेक्शन (पकडणं किती अवघड) यांचा गुणाकार, हे सगळे सांगतात. एफएमईएच्या २०१९ च्या हँडबुकात तो आरपीएन वगळून त्याजागी ॲक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर उपाय करायचा ती क्रमवारी) आणली, हे कोर्सवाल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. जे लिहिशील त्याच्या एक पायरी खाली उतरता आलं पाहिजे. नाहीतर लिहू नकोस.


भोसरीकर

गेजमास्तर, व्हर्नियर लय भारी. माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी मिलिंग मशीन) आणि टर्निंग. आमच्याकडे मुलाखत बिलाखत नसते. पोराला मशीनवर उभं करतो, बाजूला पार्ट प्रोग्रॅम ठेवतो आणि पहिला जॉब काढायला सांगतो. ऑफसेट (मशीनला दिलेली टूलची मापं) तपासून, सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेकच ओळ चालेल असं) टाकून, फीड ओव्हरराइडवर (वेग कमी-जास्त करायच्या बटणावर) हात ठेवून जो ब्लॉक-ब्लॉक पुढे सरकतो तो सेटर. जो सायकल स्टार्ट दाबून माझ्याकडे बघून हसतो त्याला चहा पाजून परत पाठवतो. स्पिंडल (टूल फिरवणारा मुख्य दांडा) ठोकला की लाखाच्या घरात जातं, माझं वर्ष गेलं.

दुसरं काय बघतो, तर राहतो कुठे. मोशी, दिघी, इंद्रायणीनगर असलं तर टिकतो. कात्रजवरून येणारा दोन महिन्यांत दमतो, मग कितीही हुशार असो. आणि काम झाल्यावर बेडवरची चिप झाडतो का. त्यावरून माणूस कळतो.


एचआरताई_खराडी

माझी बाजू आयटीची, त्यामुळे भर घालते.

इंग्रजीबद्दल गेजमास्तरांशी सहमत, पण आमच्याकडे क्लायंटशी रोज कॉल असतात, तिथे बोलणं मोजलं जातं. उच्चार नाही, मुद्दा पोचतो का ते. "कळलं नाही, परत सांगाल का?" हे न घाबरता विचारणारा उमेदवार फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

आमची सध्याची डोकेदुखी ऑनलाइन मुलाखती. प्रश्न विचारला की उमेदवार "हंऽऽ, व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणत वेळ काढतो, डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि मग पाठ्यपुस्तकासारखं उत्तर येतं. चष्मा असेल तर काचेत दुसरी स्क्रीन चक्क दिसते. कधी मुलाखत देणारा एक आणि रुजू होणारा दुसराच. म्हणून आता शेवटची फेरी बऱ्याच कंपन्या समोरासमोर घेतात. आमचे टेक्निकल लोक सोपा कोड लिहायला देतात, दोन याद्यांमधले समान आकडे काढा इतका सोपा, आणि तो अर्धा झाल्यावर अट बदलतात. याद्या आता मेमरीत मावत नाहीत, काय कराल? तिथे पाठांतर संपतं आणि माणूस विचार करायला लागतो. उत्तर अर्धवट राहिलं तरी चालतं. मोठ्याने विचार केलेला मात्र ऐकायचा असतो.

अनुभवी लोकांसाठी एकच: तारखा खऱ्या लिहा. पीएफच्या नोंदीत प्रत्येक कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलीत ते दिसतं. मधल्या गॅपमुळे ऑफर गेलेली मी क्वचित पाहिली. गॅप झाकायला तारखा ताणल्या म्हणून गेलेल्या खूप पाहिल्या. नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर ९० सांगा, "बायआउट होईल" (पैसे भरून लवकर सुटता येईल) असं आपल्या मनाने म्हणू नका. आम्ही त्यावर क्लायंटला शब्द देतो.


तिरकस

वाचून डोळे पाणावले. भरवशाचा माणूस हवा, हाताला काम हवं, विचार हवा, आणि पगार? इन हँड अठरा हजार, तोही कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. वरून दोन वर्षांचा बाँड. मला एका ठिकाणी मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली होती. कंपन्या काय बघतात? स्वस्त आणि अडलेला. बाकी सगळं वशिल्यावर.


गेजमास्तर

पगाराचं म्हणणं खोटं नाही. डिप्लोमाचा पोरगा जेवढ्यात लागतो तेवढ्यात पुण्यात रूम, मेस आणि पेट्रोल भागत नाही, हे मी आमच्या लोकांनाही सांगतो. ते ठरवायचं टेबल वेगळं आहे, तिथे मला बोलावत नाहीत.

वशिल्याबद्दल: ओळखीने रेझ्युमे ढिगाच्या वर येतो, हे शंभर टक्के खरं. ती अर्धी लढाई आहे, तेही खरं. पण लाइनवर माल अडला की ओळखीचा माणूसच सगळ्यात जास्त महागात पडतो, कारण त्याला काढताही येत नाही. त्यामुळे ओळखीच्या पोराला मी व्हर्नियर दोनदा मापायला लावतो.


एचआरताई_खराडी

तिरकस, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. पडताळणीसाठी दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि परत घेऊन यायचे. आणि नोकरीसाठी "रजिस्ट्रेशन", "ट्रेनिंग डिपॉझिट", "लॅपटॉप चार्जेस" असे पैसे मागितले की तो फ्रॉड समजा. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

पगाराचा प्रश्न निघालाच आहे तर, "ॲज पर कंपनी नॉर्म्स" म्हणू नका. ऑफरमधला सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक आधी समजून घ्या. समजा बेसिक २०,००० आहे. कंपनीचा १२ टक्के पीएफ, म्हणजे २,४०० आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे ९६२, हे बहुधा सीटीसीत धरलेलंच असतं, पण दर महिन्याला हातात येत नाही. तुमचा स्वतःचा पीएफ २,४०० कापला जातो. वर प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हे विचारल्याने वाईट मत होत नाही. मला तर आकडे समजून घेणारा उमेदवार आवडतो, तो जॉइन झाल्यावर महिन्याभरात भांडत येत नाही.


निंबोणी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, मुलीच्या वेळी सोडलं. आता परत प्रयत्न करतेय. तंत्राचे प्रश्न नीट जातात आणि शेवटी कुणीतरी गोड आवाजात विचारतं, "मॅडम, घरी सांभाळायला कोण आहे? दुसऱ्याचा विचार आहे का?" यातून त्यांना काय बघायचं असतं, ते एचआरताई तुम्हीच सांगा.


भोसरीकर

ताई, राग मानू नका, पण मी विचारतो. आमची सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. घरी लहान मूल असेल तर अडचण होते, मग मधेच सोडून जातात. धंदा करणाऱ्यालाही बघावं लागतं.


निंबोणी

दादा, मग शिफ्ट सांगा ना. अकराला सुटते, जमेल का? मी हो किंवा नाही सांगेन आणि त्या शब्दाला बांधील राहीन. माझी मुलं मोजून तुम्हाला काय कळणार? आणि तुमच्याकडच्या सेटरलाही दोन पोरं असतील, त्याला विचारलंत का सांभाळतं कोण?


एचआरताई_खराडी

निंबोणी +१. भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तरी प्रश्न विचारले जातात, मोठ्या कंपन्यांतही. आमच्या पॅनेलला मी लेखी दिलंय: वेळ, प्रवास, शिफ्ट याबद्दल विचारा, आणि ते सगळ्यांना विचारा.

तुमच्या बाजूने तोडगा असा, की समोरून प्रश्न यायच्या आत कामाच्या वेळेचं आपणच बोलायचं. "मी सकाळी साडेनऊ ते साडेसहा उपलब्ध आहे, रिलीजच्या आठवड्यात उशिरापर्यंत थांबू शकते." विषय तिथेच मिटतो. आणि गॅपबद्दल एका वाक्यात सांगून लगेच हल्ली काय शिकलात त्यावर या. आधी टेस्टिंगचं सेलेनियम हे टूल होतं, आता प्लेराइट करतेय, हे माझं गिटहब (माझा कोड ठेवलेली साइट). बघणारा तिकडेच बघतो.


भोसरीकर

सेटरला विचारलं नव्हतं, हे खरं.


आकडेमोड्या

अवांतर नाही, पण थोडं कोरडं. गेजमास्तर आणि भोसरीकर जे अनुभवाने करताहेत त्यावर संशोधन आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचे अभ्यास एकत्र करून कोणत्या निवडपद्धतीवरून पुढचं काम किती ओळखता येतं ते मांडलं. प्रत्यक्ष काम करून दाखवणं आणि सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत या दोन्ही वरच्या बाजूला होत्या. नुसती अनुभवाची वर्षं बरीच खाली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे दुरुस्त केले, तेव्हा जवळजवळ सगळेच खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सगळ्यांत वर राहिली: ०.४२ (० म्हणजे अंदाज अजिबात नाही, १ म्हणजे तंतोतंत). मनाला येईल तसं विचारलेली, गप्पांची मुलाखत: ०.१९.

हे उमेदवारांनीही ध्यानात ठेवावं. "गप्पा छान झाल्या, नक्की घेतील" असं वाटून परतणं धोक्याचं. आणि "मी माणूस बघताच ओळखतो" म्हणणारे साहेब जिथे आहेत, तिथे नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नये.


टीपीओ_निवृत्त

चर्चा उत्तम. कॉलेजच्या बाजूने एक जोडतो. इथे सगळे मुलाखतीबद्दल बोलताहेत, पण कॅम्पसला निम्मी मुलं त्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. "थ्रूआउट ६०, नो लाइव्ह बॅकलॉग" (दहावीपासून ६० टक्के, एकही विषय राहिलेला नको) ही चाळणी आधी लागते, मग ॲप्टिट्यूडची. ज्यांना गेजमास्तरांसारखा माणूस भेटला तर ती निवडली जातील अशी मुलं त्या चाळणीत खाली पडतात. तो कॅनचा पत्रा कापणारा मुलगा आमच्या पोर्टलवर फॉर्मसुद्धा भरू शकला नसता. अशा मुलांनी कॅम्पसची वाट बघत बसू नये. अप्रेंटिसशिप घ्यावी, वर्षभर आत राहून काम दाखवावं. स्टायपेंड थोडा असतो, पण तिथे टक्केवारी कुणी विचारत नाही.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर "नो सर" म्हणून उठणाऱ्यांचा मला फार राग यायचा. विचारा की! पहिले तीन महिने काय काम असेल? या जागेवर आधी कोण होतं आणि ते कुठे गेलं? या एका प्रश्नावर साहेब अडखळले तर मुलांनी समजून जावं.


लातूरहून_आलोय

सगळ्यांचे आभार. शनिवारी रांजणगावला बोलावलंय, क्वालिटी ट्रेनीसाठी. काका, आदल्या दिवशी काय बघून जाऊ?


गेजमास्तर

वाघोली-शिक्रापूरचा रस्ता आहे, अंधारातच नीघ. ती कंपनी काय बनवते ते बघ आणि त्यातला एखादा भाग कसा तपासशील ते कागदावर काढ. कोणतं माप कशाने घेशील, एवढंच. व्हर्नियर आणि मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यांत लहान माप) विसरू नकोस, ०.०२ आणि ०.०१ मिमी. प्रोजेक्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवू नकोस, बऱ्याच कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा करतात नाहीतर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. मोशीत कुठेही रंगीत प्रिंट मिळेल, दोन काढून ने. पायात बूट घाल, शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर चपलेवर आत सोडत नाहीत. रविवारी इथे लिही काय विचारलं ते.